वीज इथली, भाव समुद्रापलीकडचा

विशेष प्रतिनिधी, मुंबई

२६ ऑगस्ट २०२२ रोजी ब्रिटनमधील ऊर्जा नियामक ‘ऑफजेम’ने एक आकडा जाहीर केला आणि तेथील कोट्यवधी कुटुंबांचे घरखर्चाचे गणित एका सकाळीत कोलमडले. वीज व गॅस यांचा सर्वसाधारण वापर करणाऱ्या घराच्या वार्षिक बिलाची कमाल पातळी १,९७१ पौंडांवरून ३,५४९ पौंडांवर जाणार होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये हीच पातळी १,२७७ पौंड होती. दरम्यानच्या काळात तेथील वीजकेंद्रे बदलली नव्हती, तारा बदलल्या नव्हत्या, घरातील उपकरणेही तीच होती. बदलला होता तो नैसर्गिक वायूचा भाव.

बिल इतके वाढले की सरकारला मध्ये पडावे लागले. १ ऑक्टोबर २०२२ पासून सर्वसाधारण घराचे वार्षिक बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखून धरण्यात आले आणि वरचा फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा करदात्यांच्याच खिशातून, भरण्यात आला.

लंडनची ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या वाचकाला दूरची वाटेल. परंतु वायूवरच्या विजेने घरचे बिल कसे वाढते, हे महाराष्ट्राने ब्रिटनच्या दोन दशके आधी अनुभवले आहे. गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे उभा असलेला दाभोळ वीज प्रकल्प हे त्याचे साक्षीदार ठिकाण. भारताच्या एकूण ऊर्जावापरात नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवलेले असताना, या विजेचा भाव नेमका कुठे आणि कसा ठरतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एका युनिटचा हिशेब

वायूवर चालणारे आधुनिक वीजकेंद्र दोन टप्प्यांत वीज तयार करते. वायू जाळून पहिले टर्बाइन फिरते आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंवर वाफ तयार करून दुसरे. कोळशाच्या केंद्रापेक्षा ही रचना कार्यक्षम असते, तिला जागा कमी लागते, राखेचा प्रश्न नसतो आणि ते उभारण्यास वेळही कमी लागतो. या गुणांमुळेच नव्वदच्या दशकात जगभर वायूवरच्या केंद्रांची लाट आली.

गोम आहे ती इंधनाच्या खर्चात. वायू ‘एमएमबीटीयू’ या उष्णतेच्या मापाने विकला जातो. चांगल्या स्थितीतील केंद्र एका एमएमबीटीयू वायूपासून साधारण १३० ते १४० युनिट वीज तयार करते. वायूचा भाव दहा डॉलर आणि डॉलरचा दर ८५ रुपये धरला, तर एका युनिटमागे नुसत्या इंधनाचे सहा रुपयांहून अधिक होतात. भाव चाळीस डॉलर झाला तर तेच युनिट पंचवीस रुपयांना पडते. यात केंद्राच्या भांडवलाचा खर्च, कर्मचाऱ्यांचे वेतन, वायू वाहून आणण्याचे भाडे, कर, तसेच तारांतून वीज घरापर्यंत पोहोचविण्याचा खर्च धरलेलाच नाही.

चाळीस डॉलरचा भाव ही काल्पनिक गोष्ट नाही. आशियाच्या बाजारात द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजेच एलएनजी, एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत दोन डॉलरच्याही खाली गेला होता. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, मार्च महिन्यात त्याच वायूच्या तात्काळ खरेदीचा भाव ८० डॉलरच्या पलीकडे पोहोचला. दोन वर्षांच्या आत एकाच मालाचा भाव चाळीसपटीने हलला. ज्या केंद्राच्या खर्चाचा मोठा भाग इंधनाचाच आहे, त्या केंद्राच्या विजेला असा झोका पचविणे शक्य नसते. तो कोणाच्या तरी बिलात उतरतोच.

शेवटच्या टँकरचा भाव

ब्रिटनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. २०२१ मध्ये तेथील विजेपैकी सुमारे चार दशांश वीज वायूपासून तयार होत होती. उरलेली वीज पवनचक्क्या, अणुकेंद्रे, जैवइंधन आदी मार्गांनी मिळत होती. मग सगळ्याच विजेचा भाव वायूबरोबर का चढला?

याचे उत्तर घाऊक वीजबाजाराच्या नियमात आहे. हा नियम समजण्यासाठी एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेता येईल. समजा, संस्थेला पालिकेचे पाणी स्वस्तात मिळते, विहिरीचे थोडे महाग पडते आणि उन्हाळ्यात शेवटची तूट भरून काढण्यासाठी टँकर मागवावा लागतो. आता नियम असा असेल, की ज्या दिवशी टँकर येईल त्या दिवशी पालिकेच्या व विहिरीच्या पाण्यालाही टँकरचाच भाव मोजायचा, तर एका टँकरमुळे संपूर्ण दिवसाचे बिल फुगेल. युरोपातील घाऊक वीजबाजार बहुतांशी याच तत्त्वावर चालतो. प्रत्येक वेळी सर्वांत स्वस्त वीज आधी घेतली जाते, मग त्याहून महाग, आणि मागणी पूर्ण करणाऱ्या शेवटच्या केंद्राचा भाव सर्वांना मिळतो. ब्रिटनमध्ये वर्षातील बहुतेक तास हे शेवटचे केंद्र वायूचे असते.

या नियमामागे तर्कशास्त्र नाही असे नव्हे. स्वस्त वीज तयार करणाऱ्याला जास्त नफा मिळाला, की अशी केंद्रे अधिक उभी राहतील आणि कालांतराने महागड्या केंद्रांची गरज उरणार नाही, अशी ही कल्पना आहे. मात्र तो काळ येईपर्यंत ग्राहक वायूच्या भावाला बांधलेला राहतो. स्पेन आणि पोर्तुगाल या देशांनी जून २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या मंजुरीने वीजनिर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूच्या भावावरच मर्यादा घातली ती याच कारणाने. टँकरचा भाव खाली ओढला की सगळ्या पाण्याचा भाव खाली येतो, हे त्यामागचे साधे गणित होते.

ब्रिटनने नव्या पवन प्रकल्पांसाठी वेगळी वाट धरली आहे. तेथे प्रकल्पाशी एक ठरावीक भाव करारबद्ध केला जातो. बाजारभाव त्याहून कमी असेल तर फरक ग्राहकांकडून प्रकल्पाला मिळतो आणि बाजारभाव जास्त असेल तर प्रकल्पाला फरक परत करावा लागतो. जुलै २०२२ च्या लिलावात समुद्रातील पवन प्रकल्पांनी प्रति मेगावॉट-तास ३७.३५ पौंड, तोही २०१२ च्या किमतींनुसार, असा भाव मान्य केला. त्याच उन्हाळ्यात घाऊक बाजारातील विजेचा भाव दोनशे पौंडांच्या पुढे होता. अर्थात हे चित्रही एकरंगी नाही. व्याजदर आणि यंत्रसामग्रीच्या किमती वाढल्यानंतर सप्टेंबर २०२३ मधील लिलावात समुद्रातील पवन ऊर्जेसाठी एकही निविदा आली नाही आणि सरकारला पुढील फेरीसाठी भाव वाढवावा लागला.

दाभोळने शिकविलेला धडा

महाराष्ट्राचा अनुभव बाजाराचा नव्हता, तो कराराचा होता. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी राज्याचा सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला आणि वीज खरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर आणि दुसरा टप्पा आयात केलेल्या एलएनजीवर चालविण्याची योजना होती. महाराष्ट्राला इतक्या महागड्या इंधनावरची वीज सतत घेण्याची गरज नाही, अशी शंका तेव्हाही व्यक्त झाली होती. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला अर्थसाह्य देण्यास नकार दिला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने करार रद्द केला, पुढच्या वर्षी फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा जिवंत झाला आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला.

करार करताना विजेचा दर युनिटला अडीच रुपयांच्या आत सांगितला गेला होता. प्रत्यक्षात २०००-०१ च्या काळात काही महिन्यांत तो सात रुपयांच्या पुढे गेला. हे कसे घडले, याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही आजही तितकीच बोलकी आहेत.

पहिले कारण इंधनाचे. नाफ्थाचा भाव खनिज तेलाबरोबर हलतो. १९९८ च्या अखेरीस पिंपाला दहा डॉलरच्या आसपास असलेले तेल सप्टेंबर २००० मध्ये तीस डॉलर ओलांडून बरेच पुढे गेले. दुसरे कारण चलनाचे. कराराच्या वर्षी डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये तो ४७ रुपयांच्या घरात पोहोचला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ ग्राहकाकडून रुपये घेत होते, परंतु देणे मात्र डॉलरशी बांधलेले होते. तिसरे कारण सर्वांत कमी चर्चिले गेलेले आहे. वीज घ्या किंवा न घ्या, केंद्र सज्ज असल्याबद्दलचा स्थिर आकार मंडळाला भरावाच लागत होता. वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घेई. वीज कमी घेतली की तोच स्थिर आकार कमी युनिटांवर विभागला जाई आणि प्रत्येक युनिट आणखी महाग होई. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

मंडळाची थकबाकी साचत गेली. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने केंद्र सरकारच्या प्रतिहमीलाच हात घातला. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले, प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी पुकारली. त्याच काळात राज्यात भारनियमन वाढत गेले. कोकणच्या किनाऱ्यावर हजारो कोटी रुपयांचे केंद्र बंद आणि राज्याच्या गावागावांत अंधार, हे चित्र त्या पिढीने पाहिले आहे.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प पुन्हा सुरू करण्यात आला. मालक बदलला, करार बदलला, परंतु इंधनाचा प्रश्न बदलला नाही. देशांतर्गत वायू आटल्यावर २०१३-१४ मध्ये केंद्र पुन्हा थंडावले. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट वीज देण्यासाठी ते पुन्हा पेटविले गेले, तेही केंद्राच्या अनुदान योजनेच्या आधाराने. जवळपास दोन हजार मेगावॉट क्षमतेच्या केंद्राची ही कहाणी आहे.

कृष्णा-गोदावरीचा वायू आला आणि गेला

देशातच वायू मिळाला तर परकीय भावाचा प्रश्न सुटेल, असे यावर म्हटले जाते. तोही प्रयोग होऊन गेला आहे. आंध्र प्रदेशच्या किनाऱ्याजवळील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ‘डी-६’ क्षेत्रातून एप्रिल २००९ मध्ये वायूउत्पादन सुरू झाले. २०१० मध्ये ते दिवसाला सुमारे सहा कोटी घनमीटरपर्यंत गेले. या भरवशावर देशात ठिकठिकाणी नवी वायू वीजकेंद्रे उभी राहिली, बँकांनी कर्जे दिली. त्यानंतर उत्पादन झपाट्याने घसरले आणि २०१३ मध्ये त्या क्षेत्रातून वीजकेंद्रांना मिळणारा वायू बंद झाला. देशात सुमारे २५ हजार मेगावॉट क्षमतेची वायूवरची केंद्रे असून त्यांपैकी १४ हजार मेगावॉटहून अधिक क्षमता इंधनाअभावी अडकून पडल्याची नोंद संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०१९ मध्ये केली. देशाच्या एकूण वीजनिर्मितीत वायूचा वाटा अलीकडच्या वर्षांत दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे.

जो देशी वायू मिळतो, त्याच्यावर हक्क सांगणारेही अनेक आहेत. खतकारखाने, रिक्षा-टॅक्सी व बसगाड्यांचे सीएनजी आणि शहरांतील स्वयंपाकघरांत नळीने येणारा गॅस यांना सरकारी वाटपात अग्रक्रम आहे. वीजकेंद्रांची पाळी नंतर येते. रायगड जिल्ह्यातील उरण येथे महानिर्मितीचे ६७२ मेगावॉटचे वायू केंद्र आहे. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राला इतके जवळ असूनही ते वायूच्या टंचाईमुळे वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चालू शकलेले नाही.

दीर्घ मुदतीचा आयात करार केला की भाव स्थिर राहतो, हाही समज २०२२ ने तपासून पाहिला. ‘गेल’चा रशियाच्या गाझप्रोम समूहातील कंपनीशी वीस वर्षांचा करार होता आणि २०१८ पासून त्यानुसार जहाजे येत होती. युद्धानंतर त्या कंपनीची जर्मनीतील पालक संस्था जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि भारताकडे येणारी जहाजे अडली. त्याच सुमारास युरोप चढ्या भावाने मिळेल तो वायू उचलत होता. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने एलएनजीसाठी काढलेल्या निविदेला एकही विक्रेता पुढे आला नाही. बांगलादेशने तात्काळ खरेदी थांबवून भारनियमनाचा मार्ग पत्करला. श्रीमंत देशांनी वाढीव भाव मोजला आणि गरीब देशांच्या वाट्याला अंधार आला.

मग आपल्या बिलात वायू कुठे असतो?

महाराष्ट्रातील ग्राहकाची बहुतांश वीज आजही कोळशावरची आहे. भारतातील वितरण कंपन्या बरीचशी वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी, प्रत्येक केंद्राच्या स्वतंत्र दराने घेतात. वीज विनिमय केंद्रातील, म्हणजे बाजारातील, खरेदीचा हिस्सा तुलनेने लहान असतो. त्यामुळे ब्रिटनप्रमाणे एका टँकरच्या भावाने सगळे बिल फुगण्याचा धोका येथे मर्यादित आहे. तरीही वायू बिलात तीन दारांनी शिरतो.

पहिले दार स्थिर आकाराचे. केंद्राशी करार झालेला असेल तर ते चालो वा न चालो, त्याच्या भांडवलाचा खर्च वितरण कंपनीच्या वीज खरेदी खर्चात मोजला जातो आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने ग्राहकाच्या दरात उतरतो. दुसरे दार बिलावरील ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीचे. आयोगाने गृहीत धरलेल्या खर्चापेक्षा इंधन किंवा वीज खरेदी महाग पडली, की फरक या ओळीतून वसूल होतो. अनेक ग्राहक बिलाची एकूण रक्कम पाहतात, ही ओळ पाहत नाहीत. त्यावर पुन्हा वीज शुल्क लागते, घरगुती ग्राहकासाठी महाराष्ट्रात ते १६ टक्के आहे, हा भाग वेगळाच.

तिसरे दार सायंकाळच्या टंचाईचे. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली. त्या उन्हाळ्यात केंद्राने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन बंद पडलेल्या वायू केंद्रांना चालू राहण्याचे आदेश दिले होते. अशी महागडी वीज विकता यावी म्हणून मार्च २०२३ मध्ये वीज बाजारात उच्च दराचा एक स्वतंत्र विभागही सुरू करण्यात आला. थोड्या तासांसाठी का होईना, पण ही वीज घेतली की तिचा खर्च कुठल्या ना कुठल्या ओळीतून ग्राहकापर्यंत येतो.

पहिल्या दिवशी ठरणारा भाव

सौर आणि पवन विजेचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. येथे जवळजवळ सगळा खर्च उभारणीच्या वेळी होतो. जमीन, पट्ट्या, तारा आणि कर्जावरचे व्याज. त्यानंतर इंधन विकत घ्यावे लागत नाही. म्हणून प्रकल्पाशी पंचवीस वर्षांचा करार एकाच स्थिर दराने करता येतो. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथील सौर प्रकल्पाच्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैसे असा दर निघाला. दुधापासून दाढीच्या पात्यापर्यंत प्रत्येक वस्तू या मुदतीत महागली, तरी त्या विजेचा दर मुदत संपेपर्यंत तेवढाच राहणार आहे.

राष्ट्रीय सौर मोहिमेच्या २०१० मधील पहिल्या लिलावात हाच दर सरासरी बारा रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधील लिलावात तो १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला. नंतर सीमाशुल्क व कच्च्या मालाच्या किमतींमुळे तो थोडा वर सरकला. चीनमधून येणाऱ्या पट्ट्यांवरचे अवलंबित्व हीदेखील एक प्रकारची परकीय गुंतवण आहेच. मात्र एक मूलभूत फरक आहे. पट्ट्या महाग झाल्या तर पुढचा प्रकल्प महागतो, उभ्या असलेल्या प्रकल्पाची वीज महागत नाही. वायू महागला तर कालच सुरू झालेले आणि वीस वर्षांपूर्वी सुरू झालेले केंद्र, दोन्हींची वीज त्याच दिवशी महागते.

महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० याच गणितावर उभी आहे. कृषी वाहिन्यांसाठी उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून युनिटला सुमारे तीन रुपयांच्या दराने वीज घेण्याचे करार २०२४ मध्ये करण्यात आले. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज मिळणे हा तिचा दिसणारा लाभ. शहरी ग्राहकाला न दिसणारा लाभ असा, की शेतीची सवलत भरून काढण्यासाठी उद्योग आणि इतर ग्राहकांवर पडणारा भार स्वस्त विजेमुळे कमी होऊ शकतो.

सूर्य मावळल्यानंतर काय?

या सगळ्याला एक रोकडे उत्तर दिले जाते. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घरातील दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे नेमकी तेव्हाच सुरू होतात. हा आक्षेप खरा आहे. वायूच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम मुद्दाही हाच आहे. वायूचे टर्बाइन काही मिनिटांत वेग घेते आणि मागणी ओसरली की बंद करता येते. कोळशाच्या केंद्राला हे जमत नाही. जळताना वायू कोळशाच्या निम्म्याच्या आसपास कर्बवायू सोडतो, हेही खरे. मात्र विहिरीपासून जहाजापर्यंतच्या वाटेवर होणारी मिथेनची गळती हा हिशेब बिघडविते. वीस वर्षांच्या काळात मिथेन कर्बवायूच्या ऐंशीपटीहून अधिक तापमानवाढ घडवितो.

आता प्रश्न असा, की संध्याकाळचे चार-पाच तास भागविण्यासाठी वायूशिवाय पर्याय आहे का? दहा वर्षांपूर्वी याचे उत्तर ‘महाग’ असे होते. जुलै २०२४ मध्ये सौर ऊर्जा महामंडळाच्या लिलावात बॅटरी साठवणुकीसह सौर विजेचा दर ३ रुपये ४१ पैसे निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये एसजेव्हीएन या सार्वजनिक कंपनीच्या लिलावात, आधीपेक्षा दुप्पट तासांची साठवणूक असूनही, तो ३ रुपये ३३ पैशांच्या आसपास राहिला. दहा डॉलरच्या वायूवर नुसत्या इंधनाचेच सहा रुपये होतात, हे येथे आठवावे.

सह्याद्रीने महाराष्ट्राला आणखी एक सोय दिली आहे. दिवसा स्वस्त विजेने पाणी डोंगरावरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची. नगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे २५० मेगावॉटचा असा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. भिवपुरी आणि शिरवटा येथे मिळून २,८०० मेगावॉटचे नवे उदंचन प्रकल्प उभारण्याबाबत ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार व टाटा पॉवर यांच्यात सामंजस्य करार झाला.

तरीही वायूला एका रात्रीत निरोप देता येईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. स्पेनने सौर आणि पवन ऊर्जेच्या बळावर वायूची पकड बरीच सैल केली. परंतु २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन-पोर्तुगालमध्ये वीजपुरवठा ठप्प झाल्यानंतर जाळ्याचा दाब स्थिर ठेवण्यासाठी तेथे वायू केंद्रे पुन्हा अधिक प्रमाणात चालवावी लागली आणि त्याचा खर्च बिलात आला. स्वच्छ विजेला तारा, साठवणूक आणि जाळ्याची शिस्त यांची जोड लागते. ती जोड फुकट मिळत नाही. प्रश्न एवढाच, की पैसे एकदा उभारणीवर घालायचे की दर महिन्याला जळणावर.

छतावरचा पर्याय

शहरी कुटुंबासाठी या प्रश्नाचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे छतावरची सौर यंत्रणा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा असली तरी कमाल ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. गृहनिर्माण संस्थांनाही उद्वाहन, पाण्याचे पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये देण्याची तरतूद त्यात होती. एक किलोवॉटच्या यंत्रणेला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि ती महिन्याला सुमारे शंभर ते एकशे वीस युनिट वीज देते. पावसाळ्यात हे प्रमाण घटते.

यातही विषमता आहेच. बंगला किंवा स्वतःची गच्ची असलेल्याला हा मार्ग मोकळा आहे. उंच इमारतीतील भाडेकरूला, चाळीतील किंवा झोपडपट्टीतील कुटुंबाला तो नाही. पाकिस्तानात २०२२ नंतर वीजदर असह्य झाल्याने लोकांनी मोठ्या प्रमाणावर सौर पट्ट्या बसविल्या. एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉटच्या पट्ट्या त्या देशात आयात झाल्या. ज्यांना ते परवडले त्यांचे बिल उतरले. पण जुन्या वीजकेंद्रांचे स्थिर आकार तसेच राहिले आणि ते भरण्याचा भार पट्ट्या न परवडणाऱ्यांवर अधिक पडू लागला. दाभोळच्या दुष्टचक्राचीच ही दुसरी आवृत्ती होय. म्हणून छतावरची वीज हा श्रीमंतांचा सुटकेचा मार्ग ठरू नये, यासाठी सार्वजनिक जाळ्यात येणारी वीजही स्वस्त आणि स्थिर दराची असणे आवश्यक आहे.

वायूचे केंद्र आपत्काळासाठी राखीव ठेवणे आणि रोजच्या विजेसाठी त्यावर विसंबणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्या गोष्टीला विम्याचा हप्ता म्हणता येईल. दुसऱ्या गोष्टीत घरच्या बिलाची दोरी कतारच्या बंदरात, युक्रेनच्या रणांगणावर आणि डॉलरच्या बाजारात बांधली जाते. १९९३ मध्ये करार करताना हे प्रश्न विचारले गेले होते. इंधन कुठून येणार, त्याचे पैसे कोणत्या चलनात द्यायचे आणि केंद्र बंद राहिले तर भुर्दंड कोणाला? त्यांची उत्तरे मिळण्याआधीच सह्या झाल्या. यापुढे राज्यात कोणत्याही इंधनावरचा नवा वीज करार नियामक आयोगापुढे येईल, तेव्हा जनसुनावणीत जाऊन हे तीन प्रश्न पुन्हा विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. बिल अखेर त्याच्याच नावाने येते.